चपट्या टोकाची गोळी

विजया पारुळेकर सेलवासच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात शिसं वितळवायच्या. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल गावाने भरपूर बोलून घेतलं आहे, आपण पुन्हा नको बोलायला. मुलं त्यांना घाबरायची आणि पालक मुलांपेक्षा जास्त. एवढ्या कडक बाईंच्या हातून एक चूक झाली आणि ती त्यांच्या जिवावर बेतली असती, हे त्या पुढे स्वतःच रंगवून सांगायच्या.

हा सगळा खटाटोप एका बंदुकीसाठी होता. विजयाबाईंचे वडील प्रभाकर पारुळेकर, म्हणजे आप्पा, मूळचे कुडाळकडचे. वनखात्यात रेंजर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. पोर्तुगीज अमदानीत इथे राहिलेल्या एका मळेवाल्याची अमेरिकन बनावटीची जुनी रायफल त्यांनी रीतसर परवान्यावर घेतली होती. घोड्याखाली लोखंडी कडी होती. ती खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर उडायचं आणि नवं आत जायचं. तो खटॅक-खटॅक आवाज आप्पांना भजनापेक्षा गोड वाटायचा. पण तिची काडतुसं बाजारात मिळेनाशी होऊन जमाना झाला होता. आप्पांनी रिकामी पितळी काडतुसं जपून ठेवली, कचेरीत खेटे घालून घरी भरणी करायची परवानगी मिळवली आणि स्वतः गोळ्या ओतायला लागले.

एकोणीसशे ब्याण्णव उजाडेपर्यंत काचबिंदूने आप्पांची नजर जवळजवळ नेली होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा. त्यांचा मुलगा केदार ठाण्याला असायचा. त्याचं म्हणणं एकच होतं, की आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरात बंदूक कशाला? दरवर्षी परवान्याची कटकट, वर चोरीची भीती. ठाण्याच्या एका बंदूक-व्यापाऱ्याकडे ती जमा करायची त्याने बोलणी करून ठेवली होती. त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. पण ती भिंतीवरून गेली, तर आप्पांच्या दिवसाला उरणार काय होतं? संध्याकाळी ती मांडीवर घेऊन तेलाचा बोळा फिरवायचा, एवढीच तर त्यांची चैन होती.

थंडीत सेलवासच्या नेमबाज मंडळाची स्पर्धा असायची. जुन्या बंदुकांसाठी एक वेगळी फेरी होती. शंभर पावलांवर लोखंडाच्या पाच पाट्या टांगलेल्या, गोळी लागली की घंटेसारख्या वाजणाऱ्या. विजयाबाईंनी नाव घातलं. केदार आप्पांना डोळ्यांच्या तपासणीसाठी ठाण्याला घेऊन गेला होता, म्हणून तयारीला त्या एकट्याच होत्या.

आप्पांचा ओतायचा साचा बिजागरीत मोडला होता. पेटीच्या तळाशी त्या साच्यातल्या दोन-तीन जुन्या गोळ्या होत्या. त्या हातात घेऊन बाईंनी निरखल्या. टोक पार चपटं, ठोकून बसवल्यासारखं. बाईंना वाटलं, साचा झिजून झिजून टोक गेलेलं दिसतंय. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एवढं तर ठाऊकच होतं, की टोकदार वस्तू हवा जास्त चांगली कापते. त्यांनी कागदावर छान निमुळती गोळी काढली आणि आपली लुना खडोलीच्या रस्त्याला घातली.

खडोलीच्या एका कारखान्यात भिका लेथवर काम करायचा. धुळ्याकडचा माणूस, त्याची पोरगी बाईंच्या वर्गात. त्याने जेवणाच्या सुट्टीत साचा कोरून दिला आणि वर म्हणाला, "ताई, असं टोक काढेल आहे ना, सुईबी लाजी जाईल. फिनिशिंग बघा तुम्ही."

खरंच सुंदर झाला होता. गावातला एक छापखाना ऑफसेटवर गेला होता, त्याचे अक्षरं जुळवायचे शिशाचे जुने खिळे बाईंनी मागून आणले होते. सुरंगी गावच्या बाजारातून मध काढणाऱ्यांकडचं मेण आणलं होतं, गोळीच्या खाचेत भरायला, नाहीतर नळीत शिसं चिकटून बसतं. लोखंडी पळीत क, ख, ग वितळले आणि चकाकत्या टोकदार गोळ्या बाहेर पडल्या. बाई स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

शुक्रवारी केदार आप्पांना घेऊन आला. सोबत कॅनव्हासची एक नवी लांब खोळही होती, बंदूक न्यायला. सोमवारी सकाळची बस त्याने ठरवूनच टाकली होती.

"आप्पा, हात पुढे करा," विजयाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या तळव्यावर एक गोळी ठेवली.

आप्पांनी ती बोटांत फिरवली. टोकाशी अंगठा थांबला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"विजू, ह्यो गोळ्यो काडतुसात भरलंस?"

"अजून नाही. आज भरणार होते."

"देवाक काळजी गो बाय," म्हणून आप्पा मटकन खाटेवर बसले. मग त्यांनी बंदूक मागून घेतली आणि नळीखालची दुसरी बारीक नळी चाचपून दाखवली. "काडतुसं हिच्यात एकापाठी एक आडवी बसतत. पाठच्याचा टोक पुढच्याच्या बुडाक टेकता. आणि बुडात काय असता? ठिणगीची टोपी! एक बार झालो, बंदुकीन धक्को दिलो, की ह्या टोक त्या टोपीत खुपसतला. सगळी नळी एकदम उडतली, तुझो डावो हात घेवन. म्हणान मी टोक चपटा ठेवलं होतंय."

बाईंनी गोळी परत घेतली आणि तिच्या टोकावर अंगठा टेकवला. शाळेत शंभर मुलांच्या चुका लाल शाईने गोल करणाऱ्या बाई, आणि बरोबर असलेलीच गोष्ट सुधारून बसल्या होत्या!

"बघितलंत?" केदार म्हणाला. तो खरंच घाबरला होता. "याच्यासाठीच मी बोंबलतोय. सोमवारी बंदूक जाणार."

"जाऊ दे," विजयाबाई म्हणाल्या. "पण रविवारी पाचातल्या चार पाट्या वाजल्या, तर राहील. बोल."

केदारने आप्पांकडे पाहिलं. बंदुकीवरचा हात आप्पांनी काढला नव्हता. "बरं," केदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लुना परत खडोलीला. भिका हिरमुसला. "एवढं मस्त टोक, आन् कापी टाकू?"

"कापून टाक. नाहीतर माझा हात जाईल."

कारण ऐकल्यावर त्याने कपाळाला हात लावला, मशीन चालू केलं आणि टोक सपाट करून दिलं. घरी येऊन बाईंनी सगळ्या देखण्या गोळ्या पळीत परत टाकल्या. या वेळी आप्पा शेजारी खुर्चीवर बसले. थंड झालेली प्रत्येक गोळी त्यांच्या बोटांखालून जायची. "सुरकुती इली. शिसा थंड आसा, परत टाक." "ही बरी." "ही झकास." दुपार कलेपर्यंत काडतुसं भरून तयार झाली. बाप-लेकीने इतका वेळ एकत्र बसून काही केलं, त्याला वर्षं लोटली होती.

रविवारी मैदानात बाईंची चपट्या टोकाची काडतुसं बघून लोकांना हसू आवरेना. "बाई, टोक घरी विसरलात काय?" एकाने विचारलंच. बाईंनी वर्गातल्यासारखं त्याच्याकडे बघितलं आणि तो मागे सरकला.

आप्पा केदारच्या हाताला धरून दोरीमागे उभे होते. पहिला बार झाला आणि पाटी ठणकन वाजली. खटॅक. दुसरीही वाजली. बाईंच्या अंगात वारं शिरलं, तिसऱ्याला घाई केली आणि गोळी मागच्या मातीत गेली. आवाज आला नाही. आप्पांनी केदारचं मनगट आवळलं.

बाई थांबल्या. बंदूक खाली घेतली, मोठा श्वास सोडला. खटॅक. चौथी वाजली.

आता एकच पाटी उरली होती आणि ती वाजायलाच हवी होती. मघाशी हसणाऱ्यांतलंही कुणी हसत नव्हतं. बाईंनी इतका वेळ नेम धरला, की केदारला वाटलं या झाडणारच नाहीत. मग बार झाला.

पाटी अशी वाजली, की तिचा आवाज मागच्या टेकडीवर आपटून परत आला. आप्पांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "माझी पोरगी ती! माझी पोरगी!" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ते त्या पुसतही नव्हते. भिका सुट्टी म्हणून बघायला आला होता, त्याने तर शिट्टीच ठोकली. बाईंना त्या फेरीचा पहिला कप मिळाला.

सोमवारी सकाळी केदार बॅग उचलून निघाला. गुंडाळलेली खोळ त्याच्या काखेत होती. आप्पा दारापर्यंत आले, त्यांनी चाचपून खोळीचं टोक पकडलं.

"ही आणलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "ठेवन जा. पुढच्या वर्षी विजूक लागतली."