जपानी शेजारणीचं कौतुक

"तोंडावर सांगायला काय मिठाची गुळणी धरली होती का तिनं?" मी मानवतला आमच्या घरी ओसरीवर ओरडत होतो.

सुट्टीवर आलो होतो आणि अर्धी गल्ली जपान ऐकायला जमली होती. तिथली माझी शेजारीण म्हातारी जिन्यात भेटली की इतकी वाकायची, की तिच्या नाकाला माझ्या बुटांची धूळ लागावी. "तुमचा आवाज किती उत्साही!" म्हणायची. मला वाटलं, परदेशात आत्या मिळाली. आईच्या हातच्या लोणच्याची आख्खी बरणी मी तिला दिली. अन् त्याच आत्यानं वर्षभर घरमालकाचे कान भरले, की हा माणूस गावी फोन लावतो तेव्हा आमच्या भिंती हलतात! हलत असतील. मी काय भिंतींची बाजू घेत नाही. पण मला सांग ना बाई!

"लय गोड लोक, पण ओठात एक अन् पोटात एक," मी म्हणालो. "आपलं बरं हाय, आई. आपण तोंडावर बोलतो."

आई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुजा फोन आला की आमी तो अंगणात ठिवतो," ती म्हणाली. "सैपाकघरात नीट ऐकू येतंय."