फणसाला चिकटलेली शेंडी

सात वर्षांचा होईपर्यंत माझ्या डोक्याला कात्री लागली नव्हती. माझ्या आधीची दोन भावंडं राहिली नाहीत, म्हणून आईने सिद्धगडाच्या पायथ्याशी, तिच्या माहेरच्या देवीला नवस केला होता. हा जगला तर सातव्या वर्षी याचे केस तुझ्या पायाशी, तोवर एकही कापणार नाही. केस देवीचे आणि मी फक्त ते सांभाळणारा, असं घरात सगळे बोलायचे. सांभाळण्यात हयगय झाली तर काय होतं ते कुणी सांगायचं नाही, म्हणून मी ते स्वतःच ठरवलं होतं. एक केस तुटला की मी मेलो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. आई पुढे माहेरी गेली होती. मी आणि बाबा शेणव्याहून बैलगाडीने निघालो. शहापूर तालुका संपून मुरबाड लागला तेव्हा मी बाबांना विचारलं, "इथले लोक आपल्यासारखंच बोलतात का?" मला तो परमुलूख वाटला होता. बाबा म्हणाले, "बोलतात. तू मात्र गप बस."

मुरबाड गावाच्या अलीकडे उन्हाने चाकाची लोखंडी धाव सैल झाली. रस्त्याला लागून एक घर होतं. बाबांनी अंगणात गाडी सोडली, चाक काढलं आणि घरातल्या बाईला म्हणाले, "वयनी, लोहाराकडं जाऊन येतो. पोराकडं नजर ठेवा. त्याचे केस देवीचे हायत."

"ठेवते की," ती म्हणाली. उंच, काळीसावळी बाई होती, हातात कोयता. नुकताच तिने भाजीसाठी कोवळा फणस उतरवला होता. ती आत चिरायला गेली आणि नजर ठेवायचं काम माझं मलाच करावं लागलं.

अंगणातल्या फणसावरून फळ तोडलं होतं तिथून पांढरा चीक टपटपत होता. मला वाटलं, दूध. मी झाडाखाली उकिडवा बसलो आणि तोंड उघडलं. पहिला थेंब कपाळावर, दुसरा केसांत. तोंडात एकही नाही. केसांतला पुसायला हात घातला तर हात चिकटला. हात सुटावा म्हणून केसांत धूळ चोळली. मग हा सगळा प्रकार कुणाला दिसू नये म्हणून खोडाला डोकं टेकून शहाण्यासारखा बसलो. असा शहाणपणा मला पुढेही पुष्कळदा सुचला आहे.

उठायला गेलो तर डोकं उठेना. शेंडीपाशी जोरात ओढ बसली. आता ओढलं तर केस तुटणार. नाही ओढलं तर मी या झाडाला चिकटलेलाच राहणार, आणि देवी तिकडे वाट बघत बसणार.

बाई बाहेर आली. "का रे, असा का बसलास?"

"आराम करतोय," मी म्हणालो.

तिने जवळ येऊन पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. मोठं माणूस घाबरलेलं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. तिला नवसाचं माहीत होतं.

"हालू नको. मान पन हालवू नको," एवढं बोलून ती आत गेली. आली ती एका हातात तेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात तोच कोयता घेऊन.

"काकी, कापू नका," मी म्हणालो. "मी मरेन."

"तुला कोन कापतंय? झाडाला कापते."

मी डोळे मिटले. माझ्या कानामागे कोयता खोडात शिरला, कर्र, कर्र. प्रत्येक आवाजाला मला वाटत होतं, हा माझा केस, हाही माझाच. मी देवीला सांगत होतो की चूक फणसाची आहे. मग डोकं एकदम हलकं होऊन पुढे आलं आणि मी तिच्या मांडीवर पडलो. सालीचा एक तुकडा माझ्या डोक्यामागे लोंबत होता.

मग तिने मोहाच्या बियांचं तेल चोळचोळून एकेक बट सोडवली. सालीत अगदी रुतलेली शेवटची बट मात्र सुटेना. ती ओढायची थांबली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि साल आत घेऊनच तिने माझी घट्ट वेणी घातली. वर अबोलीचा गजरा बांधला, साल दिसू नये म्हणून.

बाबा चाक ढकलत आले. अंगणात पाठमोरी मुलगी बसलेली. ते म्हणाले, "वयनी, पोरगा कुठंय माझा?"

"हा काय."

बाबांच्या हातून चाक सुटलं. त्यांनी माझी वेणी मुळापासून शेवटपर्यंत दोरखंडासारखी चाचपली. सालीपाशी बोटं थांबली. "एकबी तुटला नाय ना?"

"झाडाचं तुटलं," ती म्हणाली. "याचं नाय."

पुढच्या वाटेवर मी दोन्ही हातांनी वेणी धरून बसलो होतो. आडवी आलेली प्रत्येक फांदी मला त्या फणसाची नातेवाईक वाटत होती.

देवीपुढे न्हाव्याने वस्तरा उचलला आणि थबकला. "ह्ये लाकूड कसलं?"

"ते बी देवीचंच," बाबा म्हणाले. माझी वेणी सालीसकट देवीच्या पायाशी गेली. त्या रात्री मी झोपलोच नाही. सकाळी जिवंत आहे हे कळल्यावर आईला तसं सांगितलं, तर तिने मला पाठीत एक धपाटा घातला आणि मग बराच वेळ जवळ धरून ठेवलं.

परतताना तिने त्या घरापाशी गाडी थांबवायला लावली. बाईला हळदकुंकू लावलं, मग फणसाच्या सोललेल्या जागेलाही लावलं.

"आता ह्ये झाड तोडता यायचं नाय," बाई म्हणाली. "तुजा पोरगा कुठाय? खाली उतरू दे की."

मी उतरलो नाही. डोक्यावर एकही केस उरला नव्हता, तरी दोन्ही हातांनी बोडकं झाकून मी गाडीत त्या झाडापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात बसलो होतो.