बूट शालननं पुसलं हुतं

"ये जूते खुद पॉलिश किए?"

डॉक्टरसाहेबानं माझ्या कंबरंकडं बघितलंच न्हाय. बूट बघितलं. टेबलामागं तिघं अधिकारी बसलेलं, मधला हा. मी सावधानमधी उभा. तोंडातनं निघून गेलं, "जी साहब!"

तिघंबी हसलं. मधला म्हणाला, "झुककर जूते चमकाते हो, और कमर की पेन्शन खाते हो? शरम नहीं आती, हवलदार?"

दाराशी माझी बायकू उभी हुती, शालन. ती एक पाऊल पुढं आली. "साहेब, बूट म्या पुसल्यात. ह्यास्नी वाकायला येत न्हाय."

आन् मी काय केलं? तिच्यावर डोळं वटारलं. "गप बस," म्हटलं. फौजी माणसाची बायकू साहेबाम्होरं तोंड उघडती, ह्याची मला लाज वाटली. साहेबानं कागदावर कायतरी खरडलं. "नेक्स्ट," म्हणाला.

आम्ही गडहिंग्लजकडचं. डोंगरात ड्यूटीवर असताना आमची गाडी उलटली आन् माझा मणका गेला. डावा पाय बधिर. वाकलं की कंबरंत सुरी फिरवल्यागत हुतंय. फौजेच्याच डॉक्टरांनी तपासलं, कागदावर कायमचं अपंगत्व लिहिलं, पेन्शन मंजूर केली. कायमचं, म्हणून लिहिलं हुतं. आन् आठ वर्सांनी पत्र आलं, फेरतपासणीला कोल्हापूरला या.

आता शाणा माणूस काय करंल? दुखणं दाखवंल. मी न्हाय. मी दाढी घोटली. शर्टाला कडक इस्त्री. सकाळीच गावातल्या डॉक्टरकडनं दुखणं दाबायचं इंजेक्शन घेतलं. का, तर साहेबाम्होरं कण्हायला नको. डॉक्टरांचं बोर्ड म्हंजे माझ्या डोस्क्यात इन्स्पेक्शनच हुतं. आदल्या सांजंला शालन उंबऱ्यात बसून बूट घासत हुती आन् मी वरनं सांगत हुतो, "टाचंकडं बघ, टाचंकडं." एष्टीत सगळी वाट उभा ऱ्हाऊन गेलो. बसलं की उठायला शालनचा हात लागतोय, ते लोकांनी बघाय नको. येडा की मी!

दोन महिन्यांनी निकाल आला. वाकता येतंय. हालचाल चांगली. अपंगत्व शिल्लक न्हाय. पेन्शन बंद. आमचं घर तिच्यावरच चालत हुतं. पर खरं सांगू, ते 'शिल्लक न्हाय' काळजात गेलं. म्हंजे इतकी वर्सं मी सोंग करत हुतो व्हय? चावडीम्होरं एकजण म्हणालाच, "काय फौजी, बरं झालासा म्हणं! पेढं कवा देतासा?" मी हसलो. हसलो, आन् घरात येऊन भिंतीकडं तोंड करून रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन खाली बसून माझ्या पायात मोजं घालत हुती. रोजच घालती. वर न बघता म्हणाली, "म्या खरं सांगितलं, तवा तुम्हीच मला गप केलासा. साहेबांचं सोडा, ती परकी हायती. पर तुम्ही?"

तिच्या डोस्क्यावर हात ठेवावा म्हटलं, तर तिथवर वाकता येईना. साहेबानं माझा अपमान केला. मी तिचा केला, आन् साहेबाच्या बाजूला उभा ऱ्हाऊन केला. फौजेनं मला हुकूम ऐकायला शिकवलं, दुखणं गिळायला शिकवलं. मी गिळलं. आन् गिळलं म्हणूनच मला खोटा ठरवलं. हे कळायला मला पेन्शन जावी लागली.

अपील टाकलं. परत तसलंच टेबल, साहेब तेवढं दुसरं. ह्या खेपंला इंजेक्शन घेतलं न्हाय. शालनचा हात धरून, पाय ओढत आत गेलो. शिपाई म्हणाला, "बाईंना बाहेर बसवा."

"ती न्हाय जायची बाहेर," मी म्हणालो. "माझ्या कंबरंचं तिला ठाऊक हाय, तुम्हास्नी न्हाय."

मग ती बोलली. मोजं घालावं लागत्यात. पायजम्याची नाडी बांधावी लागती. संडासातनं उठवताना काखंत हात घालावा लागतोय. तीन परक्या पुरुषांम्होरं माझी बायकू हे सांगत हुती. माझं कान तापलं. मान खाली जायला लागलती, ती मी जाऊ दिली न्हाय. साहेब घड्याळ बघत हुता. "ये सब रिकॉर्ड में नहीं है," म्हणाला.

"तो लिखिए, साहब."

जन्मात पहिल्यांदा मी साहेबाला काय करायचं ते सांगितलं. त्यानं लिहिलं न्हाय. अपील फेटाळलं.

आता कोर्टात गेलोय. तारखा पडत्यात. शालन खंगलीया. तिच्याकडं बघवत न्हाय मला. गावातलं जाणतं म्हणत्यात, "सोडा की आता, सरकारशी कोण भांडतंय?" जिंकंन का, ठावं न्हाय. पर त्यांनी मला कागदावर बरा केलाय, तसा बरा हुऊन मी मरणार न्हाय. जिथं बोलवतील तिथं जाणार. दोघं जाणार. माझं दुखतंय, हे भरल्या कोर्टात मोठ्यानं सांगणार, आन् ते लिहून घेईस्तोवर तिथनं हलणार न्हाय.