मेस्तांनी बांधलेली गाडी

मला पहिल्यांदा भेटणारी माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग त्यांची नजर चुकून खुर्चीवर जाते, आणि मग कुठे बघावं ते न कळून ती बिचारी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागतात. मेस्तांनी तसलं काही केलं नाही. ते सरळ माझ्या चाकापाशी उकिडवे बसले. "जरा पुढं घ्या," म्हणाले. मी खुर्ची पुढे घेतली. "आता मागं." मागे घेतली. कान चाकाशी लावूनच त्यांनी निकाल दिला, "बाई, ह्येचं बेअरिंग वाजतंय. कितें, तेल देत न्हाय व्हय कोण?"

चार वर्षं मी त्या खुर्चीत बसत होते. ती वाजते हे मला ठाऊक होतं, पण त्यावर इलाज असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे हाताचं कसब असलेल्या माणसाला मेस्त म्हणतात. मग तो सुतार असो की गवंडी. पाळी गावचे हे मेस्त पत्र्याचे. मूळचे चंदगडकडचे. विशीत खाणीच्या कामाला आले आणि खनिजाच्या ट्रकांच्या वाकलेल्या बॉड्या ठोकून सरळ करण्यात त्यांची उमर गेली. चाळीस वर्षांत त्यांच्या चंदगडी बोलीत 'काय' या अर्थाचा 'कितें' तेवढा कोकणीतून येऊन राहिला, आणि तो कुठेही पडायचा. खाणी बंद झाल्या, ट्रक रस्त्याकडेला गंजत उभे राहिले, पण मेस्तांची शेड उघडी होती. कुणाची स्कूटर, कुणाचं गेट, कुणाच्या गाडीचा दरवाजा. कुणी कौतुक केलं की ते मान हलवायचे. "मी सरळ करणारा माणूस. नवं करणारा न्हवं."

आम्ही राहतो आमोण्याला. डिचोलीच्या उतारावर माझी स्कूटर घसरली आणि छातीखालचं सगळं शरीर माझं ऐकेनासं झालं. त्यानंतर शाळेत शिकवायला जायचं, दवाखान्यात जायचं, चोपड्याला आईकडे जायचं, तर माझे यजमान सुहास मला उचलून गाडीत बसवत, खुर्ची घडी करून मागे टाकत, आणि पोचल्यावर पुन्हा उचलून बाहेर काढत. त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. पण चाळिशीच्या बाईला दिवसातून चार वेळा, लोकांच्या देखत, लहान मुलासारखं कडेवर घेतलं जाणं काय असतं ते मी त्यांनाही कधी नीट सांगू शकले नाही.

मेस्तांकडे मी गेले होते ते हाताने ब्रेक लावायचा दांडा बसवता येईल का, एवढंच विचारायला. त्यांनी उलट मलाच विचारलं, "दांडा बसवीन. पर गाडीत तुमाला चढवणार कोण?"

"हे चढवतात."

"आणि साहेब घरात नसले तर?"

"तर मी जात नाही."

दहाएक दिवसांनी त्यांचा फोन आला. "बाई, खुर्चीसकट आत जायला पायजे तुमी. मागनं चढायचं, तशीच खुर्ची स्टिअरिंगपतूर न्यायची आणि चाकं अडकवायची. बगूया का करून?" आणि लगेच, "मला येतंय असं न्हवं हां. बगूया म्हंतो."

म्हापशाहून सुहासनी उंच टपाची, ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी गाडी आणली. मेस्तांचा नियम होता: आधी पुठ्ठा, मग पत्रा. फ्रिजचे, टीव्हीचे खोके फाडून त्यांनी गाडीची नवी जमीन, मागचा उतार, चाकं अडकवायचे खाचे, सगळं आधी पुठ्ठ्याचं केलं. मला शेडमध्ये बसवून ते एकेक तुकडा खुर्चीशी लावून बघायचे. कोपरा जुळला नाही की पुठ्ठा बाजूला, नवा खोका. पुठ्ठा फाटला तर कुणाचं काही जात नाही, म्हणायचे. शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायची मला सवयच लागली. त्यांची बायको, आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो, चहा आणायची आणि गाडीकडे संशयाने बघत उभी राहायची.

राग आला की मेस्त हात धुवायचे. हे मी दुसऱ्या महिन्यात ओळखलं. हातोडा जागेवर ठेवायचा, शेडच्या मागे नळावर जायचं, नारळाच्या सोडणाने आणि साबणाच्या चुऱ्याने एकेक बोट घासायचं. नखं सुद्धा. मग बाहेर बाकावर बसून पेज जेवायची आणि मगच परत कामाला हात लावायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "रागातला हात जड पडतो. पत्र्याला कळतंय त्ये." गाडीची जमीन कापून खाली घेतली आणि पहिल्याच गतिरोधकावर ती खरवडली, त्या दिवशी त्यांनी दोनदा हात धुतले. उतार माझ्या वजनाने मधोमध दबला त्या दिवशी चार वेळा. त्या संध्याकाळी काकी मला हळूच म्हणाली, "ट्रक ठोकत व्हते तवा येवढे हात न्हाय कदी धुतले."

मला अपराधी वाटायचं. एकदा म्हटलं, "मेस्त, राहू दे. नुसता दांडा बसवा." ते कानसीने कड घासत होते. वर न बघता म्हणाले, "न्हाय जमलं तर मी सांगीन की. तुमी आदी कशाला सांगता?"

सहाव्या महिन्यात गाडी चालवून बघण्याजोगी झाली. पूर्वी जिथे खनिजाचे ट्रक रांगेने उभे राहत, त्या मोकळ्या मैदानात आम्ही गेलो. एकच दांडा. पुढे ढकलला की रेस, मागे ओढला की ब्रेक. मेस्तांनी तो तसा बसवला होता, कारण लहानपणी ते बैलगाडी हाकत. बैल थांबवायचा तर कासरा ओढतात. मी उतारावरून वर चढले, खुर्ची अडकवली, किल्ली फिरवली. गाडी हलली. पाच वर्षांनी माझ्या हाताने काहीतरी पुढे जात होतं! सुहास टाळ्या वाजवत होते. मी वळण घेतलं, थोडा वेग घेतला, आणि थांबायला दांडा ओढला.

गाडीला कचकन ब्रेक लागला तसं माझं अंग पुढे गेलं. कमरेत, पोटात मला जोर नाही. तोल गेला की सगळा भार हातावर येतो. हात दांड्यावर होता. भाराने दांडा पुढे गेला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळून समोरच्या लाल मातीच्या ढिगात घुसली.

माझा ओठ फुटला, बाकी काही झालं नाही. सुहास धावत आले. मेस्त होते तिथेच उभे होते. मला बाहेर काढून पाणी देईपर्यंत ते जवळ आले नाहीत. मग आले आणि म्हणाले, "ट्रकाची फळी वाकडी झाली तर माती सांडती, बाई. हितं माणूस सांडलं असतं." त्या दिवशी त्यांनी हात धुतले नाहीत. तसेच काळे हात घेऊन ते घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून शेड बंद. फोन उचलेनात. तीन आठवडे गेले. शेवटी काकीचा फोन आला. "बाई, जेवत न्हाईत. गाडीवर ताडपत्री टाकून ठेवलीया. तिकडं बगत पन न्हाईत."

आम्ही गेलो. मेस्त ओसरीवर बसले होते. मला बघून उठू लागले. मी म्हटलं, बसा. मग ते एकदम बोलायला लागले. "मी सांगत व्हतो का न्हाय, नवं करणारा मी न्हवं? शिकलेला माणूस पायजे त्याला. मी आपला ठोकणारा. रोज सपान पडतंय, गाडी त्या ढिगाच्या पलीकडं खड्ड्यात चाललीया."

काय बोलावं ते मी ठरवून आले होते. पण ते सगळं विसरले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "मेस्त, दवाखान्यात मला नुसतं बसायला शिकवत होते. बसायला! पलंगाच्या कडेवर. रोज पडायची. एके दिवशी नर्सला म्हटलं, मला आडवीच राहू दे, माझ्याच्याने होणार नाही. तीन दिवस तोंड फिरवून पडून होते. चौथ्या दिवशी पाठ दुखायला लागली म्हणून परत बसायला गेले. धीर आला म्हणून नाही. पाठ दुखली म्हणून."

मेस्तांनी बोटांनी ओसरीची कड चाचपली. मग म्हणाले, "तुमची दवाखान्यातली जुनी खुर्ची हाय न्हवं घरात? ती धाडून द्या."

पुढचा दिवस मी पाहिला नाही, काकीने सांगितला. मेस्तांनी सकाळी दोन्ही पाय टॉवेलने खुर्चीला बांधले आणि दिवसभर उठले नाहीत. खुर्चीतूनच काम, खुर्चीतूनच पेज. दुपारी त्यांनी काकीला सांगितलं, रस्त्याच्या उतारावर मला ढकल आणि मी ओरडलो की एकदम धरून थांबव. काकी म्हणाली, लोक काय म्हणतील? म्हणाले, लोक ट्रकबरोबर गेले, ढकल तू. तिने ढकललं. थांबवलं. ते पुढे कलंडले आणि दोन्ही हात आपोआप समोर गेले. पुन्हा ढकल. पुन्हा हात समोर. तिसऱ्यांदा ते रस्त्यात पडले, गुडघा फुटला, आणि खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत आडवे पडूनच ते मोठ्याने म्हणाले, "अगं, माणूस थांबताना फुडं जातं! वडणार कुठनं ते?"

संध्याकाळी मला फोन. "बाई, बैलाचं गणित गाडीला लावलं मी. उलटं पायजे. ढकललं की ब्रेक, वडलं की रेस. मग तुमी फुडं गेला तरी तुमचं वजनच ब्रेक दाबणार. आणि छातीला एक पट्टा. कितें, आलं ध्यानात?" इतका आनंदी आवाज मी त्यांचा त्यापूर्वी ऐकला नव्हता.

त्यानंतर दोन महिन्यांनी सरकारी तपासणी झाली. तपासनीसाने गाडी खालून वर, मागून पुढे बघितली, मला चालवायला लावलं, तीनदा जोरात ब्रेक मारायला लावले. "डिझाइन कोणाचं?" त्याने विचारलं. मेस्त सुहासच्या मागे उभे होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं तर ते आणखी मागे सरकले.

गाडी पास झाली आणि पहिल्याच रविवारी मी चोपड्याला निघाले. मेस्तांना म्हटलं, शेजारी बसा. "न्हाय. मी बसलो तर तुमी माझ्याकडं बगत चालवणार. मी मागनं येतो, शिवोलीच्या पुलापतूर." आमोणे, डिचोली, अस्नोडा, म्हापसा, आरशात सगळा वेळ त्यांची स्कूटर दिसत होती, मागे पदर खोचून बसलेली काकी. मी सावकाश जात होते, मागून बस हॉर्न देत होती, आणि मला ऊर भरून गाणं म्हणावंसं वाटत होतं. पूल ओलांडून पलीकडे पोचले आणि आरशात बघितलं. शापोरा नदीवर उन्हं चमकत होती, मासेमारीच्या होड्या होत्या, स्कूटर नव्हती. सांगितल्याप्रमाणे ते पुलापासून परतले होते. आईने दारातून पाहिलं आणि तिला पहिल्यांदा काही समजलंच नाही. "गे, तू एकटीच इलंस?" तिने माझ्या मागे पाहत तीनदा विचारलं.

त्या वर्षाच्या पावसानंतर मेस्तांचा दम वाढला. छाती भरायची. पाळीची शेड सोडून ती दोघं चंदगडला गावच्या घरी गेली. आता त्या जागी टाइल्सचं दुकान आहे. शाळेला जाताना रोज लागतं आणि रोज मी तिकडे मान वळवते. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. चहा घेतला, गाडीखाली वाकून बघितलं, एक नट आवळला. "घाट चढंल ही. या एकदा गावाकडं," म्हणाले. मी म्हटलं, येते की.

फोनवर दर वेळी तेच. कवा येताय? आणि मी, येते. शाळेच्या परीक्षा होत्या. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग घाटरस्त्याची मला थोडी भीतीही वाटत होती, पण ती मी त्यांना कधी सांगितली नाही, काम आहे असंच सांगितलं. आता वाटतं, भीती वाटते म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांना ती चांगली ठाऊक होती. काहीतरी बोलले असते ते.

काकीचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बारावं झाल्यावर मी गेले, एकटी. घाट चढायला वाटलं होतं तेवढं कठीण नव्हतं.

घर कौलारू, बसकं. अंगण सारवलेलं. दारापुढे तीन पायऱ्या होत्या आणि त्या पायऱ्यांच्या अर्ध्या भागावर सिमेंटचा उतार, नीट कड मारलेला, दोन्ही बाजूंना बोटभर उंच कठडा, चाक घसरू नये म्हणून वर आडव्या रेघा ओढलेल्या. मी अंगणातच थांबले.

"तुमी येनार म्हनून केला," काकी म्हणाली. "दोनदा फोडला आनि परत केला. म्हनायचे, लई चढ झाला, बाईंचा हात दुखंल. दम लागायचा, बसत बसत केला."

"कधी केला?"

"दिवाळीत."

दिवाळीपासून तो उतार तिथे होता. मी पोचले होळीचा शिगमा उलटल्यावर.