माझ्या पाठीवरचा डेमो

"काका, शर्ट काढा आणि टेबलावर आडवे व्हा." कॉलेजचे सर माईकवरून बोलले.

देवबागच्या शाळेचा हॉल भरला होता. रापणीवरच्या बायका, होडीवाले, माझे शेजारी, माझी सून. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो. कारण आदल्या दिवशी कॉलेजची डॉक्टरीण घरी येऊन सांगून गेली होती, "आबा, उद्या तुमचो डेमो आसा." मी समजलो, डेमो मी द्यायचा. सगळं आयुष्य लोकांच्या कंबरा, खांदे, माना बसवत आलो, तर आज कॉलेज माझा हात चारचौघांत दाखवणार. डेमो माझ्यावर करायचा आहे, हे टेबलाजवळ गेल्यावर कळलं.

"आबा, इस्तरी फुकट गेली मा," मागून कोणीतरी बोललं. लोक हसले. मीही हसलो आणि शर्ट काढला. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

डॉक्टरीण परकी नव्हे. आमच्याच गावची, माडांच्या मोठ्या बागायतीवाल्यांची लेक. आम्ही किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे. तिच्या पणज्याचा खांदा निखळला तेव्हा माझ्या बापाशीला बोलावणं आलं, पण खांदा बसवला तो मागीलदारी, परसातल्या दगडावर. आमचा हात त्यांना चालायचा, पाय उंबऱ्याच्या आत चालायचा नाही. ही मुलगी मात्र तशी नव्हती. म्हणजे मला तसं वाटलं.

ती ऑस्टिओपॅथी शिकून आलेली. नाव मला पहिल्यांदा बोलताच येईना. तिनेच समजावलं. हातांनी तपासायचं, हातांनीच सांधे मोकळे करायचे, आणि माणूस आजारी पडायच्या आधीच त्याची पाठ सांभाळायची. गावोगाव जाऊन हे करायचं, असं तिच्या कॉलेजात शिकवतात. मला बरं वाटलं. म्हटलं, बापाशीच्या विद्येला शाळा मिळाली. पाच महिने ती माझ्या पडवीत शिकायला आली. जमिनीवर बसली, चहा प्याली, मालवणीत बोलली. "आबा, माका परत दाखवा." मी परत दाखवायचो.

रापण ओढताना माणूस मागे मागे चालतो, सगळा भार एका अंगाला येतो. तशी धरलेली कंबर जोराने ढकलून बसत नाही. माणसाला कुशीवर घ्यायचं, वरचा गुडघा दुमडायचा, एक तळवा खांद्याला, एक खुब्याला. मग थांबायचं. त्याचा श्वास सुटला की हात श्वासाच्या मागून जाऊ द्यायचा. बापूस सांगायचा, "हाडाक ढकलू नको, वाट दी." हे 'वाट दी' तिला जमायला तीन महिने लागले. मी तिला रागावलोसुद्धा. तिने ऐकून घेतलं.

आणि एक दिवस मी तिला माझी चूक सांगितली. पूर्वी एक माणूस पाठदुखी घेऊन आला. मी महिनाभर चोळत बसलो. त्याला मणक्याचा क्षय होता. त्याचे पाय गेले. तेव्हापासून मी आधी विचारतो, संध्याकाळचा ताप येता काय, अन्न जायना काय, अंग उतरला काय. हो म्हणाला तर हात लावत नाही, सरळ ओरोसच्या इस्पितळात धाडतो. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा नीट सांगितली नव्हती. डॉक्टरणीला सांगितली, कारण तिच्या हातून तसं होऊ नये.

आता टेबलावर मी कुशीवर पडलेलो. वरचा गुडघा दुमडलेला. तिने एक तळवा खांद्याला लावला, एक खुब्याला. माईकवर शुद्ध मराठीत बोलू लागली. मला 'आबा' नाही, 'हे पेशंट' म्हणाली. माझ्या बापाशीच्या रीतीला तिने लांबलचक इंग्रजी नाव दिलं आणि सांगितलं, ही आमच्या शास्त्राची पद्धत आहे. मग ती थांबली. माझा श्वास सुटला, तिचा हात मागून गेला. हात चांगला होता. तेच जास्त लागलं.

माझं तोंड प्रोजेक्टरच्या पडद्याकडे होतं. चित्र बदललं. पडद्यावर माझी पडवी. मी, माझे हात, समोर कोणाची तरी पाठ. खाली अक्षरं. मी चौथीपर्यंत शिकलो, जोडाक्षरांना वेळ लागतो. अ-प्र-शि-क्षि-त. अप्रशिक्षित उपचारांचे धोके. तोवर ती सांगायला लागली होती, एका गावठी उपचार करणाऱ्याने क्षयाच्या रोग्याची पाठ कशी चोळली आणि त्या रोग्याचे पाय कसे गेले. नाव घेतलं नाही. फोटो होता, नावाची गरज काय? सून खाली मान घालून बसलेली.

माझा हात तिचा झाला. माझी चूक तेवढी माझी राहिली.

मी उठलो. उघड्या अंगानेच टेबलावर बसलो. रापणीवर हाका मारलेला गळा आहे, मला माईक लागत नाही.

"गो बाय," मी म्हटलं, "चूक माझी सांगलंस, ती खरी आसा. आता हात कोणाचो ता पण सांग."

सर म्हणाले, काका, आपण नंतर बोलू. डॉक्टरीण माईक बाजूला धरून हळूच बोलली, मालवणीत, "आबा, माका अभ्यासात तसाच लिवूचा लागता."

तसंच लिहावं लागतं. म्हणजे हात कोणाचा, ते तिला माहीत होतं.

मी शर्ट हातात घेतला आणि चालत घरी आलो.

आठवड्याने तिने फॉर्म पाठवला. पुढच्या तुकडीसाठी मला 'पारंपरिक मार्गदर्शक' करणार, सही करा. सही मला येते. केली नाही. ती विद्या वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोळणींना टोपली उचलायची रीत त्यांनी शिकवली, ती मलाही ठाऊक नव्हती. पण ज्याच्याकडून शिकलात त्याला टेबलावर आडवा पाडून लोकांचं आरोग्य कसलं सुधारता?

मी निरोप धाडला. त्याच हॉलात, त्याच लोकांसमोर, माईकवर माझ्या बापाशीचं नाव घ्यायचं. ते होईपर्यंत कॉलेजचं कोणी माझ्या पडवीची पायरी चढायची नाही. तीसुद्धा नाही.

पडवी बंद केलेली नाही. रापणीवरच्या दोन बायका आणि माझी सून आता रोज शिकायला बसतात. पहिल्या दिवशी मी त्यांना हात दाखवला नाही. आधी पाय गेलेल्या त्या माणसाची गोष्ट सांगितली, त्याच्या नावासकट, माझ्या नावासकट. ती चूक माझी आहे. यापुढे ती माझ्याच तोंडून लोकांना कळेल.