न भरलेल्या बाटलीचा आकडा

औंढ्याच्या अलीकडच्या तांड्यावरची संगिता राठोड म्हणजे भारी तिखट पोरगी. हिंगोलीला बीएस्सी केली, नांदेडला जाऊन ‘आर’ नावाची संगणकाची भाषा शिकली आणि २००८ साली विहिरींचं पाणी तपासणाऱ्या एका संस्थेत लागली. तिथले अहवाल म्हणजे नुसते आकडे. गावात कुणाच्या बापाला कळणार ते? "आकडा एकटा धाडू नका साहेब, त्याच्यासोबत शब्द धाडा," असं ती तोंडावर बोलली आणि स्वतःच कामाला लागली.

आरमध्ये ‘पेस्ट’ म्हणून एक हुकूम असतो. तो शब्द आणि आकडा डिंकानं चिकटवल्यासारखे एका ओळीत आणतो. संगितानं एका रांगेत विहिरींची नावं भरली, दुसऱ्या रांगेत नायट्रेटचे आकडे. हुकूम सोडला की वाक्यंच वाक्यं. अमक्या विहिरीत नायट्रेट इतकं, पाणी प्या. तमक्या विहिरीत इतकं, पिऊ नका. अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली. साहेब तर बघतच राहिले.

तो कागद तिनं तांड्यावर येऊन मोठ्यानं वाचला. आपल्या विहिरीचं पाणी चांगलं निघालं म्हणताना तिचा ऊर भरून आला. घरी तिची भावजय पुजा बाळंतीण होती. दूध पुरत नव्हतं म्हणून लेकराला डब्याचं दूध चालू होतं, आणि त्यासाठी संगिताची याडी, म्हणजे आई चंदाबाई, सडकेवरच्या हापशाचं पाणी डोक्यावर आणायची.

"याडी, आता काहून एवढी पायपीट? विहिरीचं चांगलं हाय, मी सांगून राहिले ना!"

पोरीचा शब्द. चंदाबाईनं हापसा सोडला.

पुढच्या रजेत संगिता घरी आली तर लेकराचे ओठ जांभळे. नखंसुद्धा.

"थंडी बाधली असंल," चंदाबाई म्हणाली.

"पाणी उकळूनच देता ना?" संगितानं विचारलं. "पाण्यात तर काही न्हाई, तपासलंय."

पुजानं मान वर केली. "कवा तपासलं, ताई?"

"म्हणजे? बाटल्या भरून नेल्या ना आमच्या माणसानं!"

"तो आला त्या दिवशी ह्याच्या जन्माची विहीरपूजा, जळवा व्हती. मी विहीर पुजून राहिले व्हते. पूजा हुईपर्यंत परक्यानं पाण्याला शिवायचं न्हाई म्हणून याडीनं त्याला माघारी धाडला."

"मला वाटलं, मागून येऊन भरून नेली असंल," चंदाबाई पुटपुटली.

संगिता मनातल्या मनात यादी जुळवू लागली. बाटली भरलीच न्हाई? मग आकडा आला कुठून? अरे देवा! नावं होती तितकीच राहिली, आकडा एक कमी आला, आणि तांड्याच्या नावाला पुढच्या गावाचा आकडा जाऊन चिकटला. त्या गावाला त्याच्या पुढच्याचा. शेवटच्या विहिरीला आकडाच उरला नाही, तर त्या मेल्या हुकमानं गुपचूप पहिल्याच विहिरीचा उचलून लावला. अडला नाही, ओरडला नाही, कागद कसा चकचकीत!

तिनं लेकरू उचललं आणि मिळेल त्या जीपनं हिंगोली गाठली. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, पाण्याची चौकशी केली आणि ते तिच्यावरच तडकले. "पाण्यातल्या नायट्रेटनं रक्त काळवंडलंय लेकराचं! ते उकळून जातं व्हय? उलट आटून वाढतं! कुणी सांगितलं हे पाणी द्यायला?"

"मी," संगिता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

लेकरू वाचलं. विहिरीची बाटली या वेळी संगितानं स्वतः भरली, आणि आकडा लिटरमागं पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या हद्दीबाहेर कितीतरी वर निघाला. त्याच आठवड्यात ती त्या यादीतल्या गावागावांत फिरली, जुने कागद परत घेतले, शिव्या खाल्ल्या. नावं आणि आकडे सारखे नसले तर तिचा प्रोग्राम आता पुढंच सरकत नाही. न तपासलेल्या विहिरीपुढं तो सरळ लिहितो, ‘तपासली नाही’. साहेबांना ती ओळ बरी दिसत नाही. न दिसू दे.

पुढच्या साली ती नवा कागद घेऊन तांड्यावर आली. माणसं जमली, कुणीतरी वाच म्हणालं. तिनं तोंड उघडलं तोच पुजा लेकराला कडेवर घेऊन पुढं आली.

"ताई, आधी सांगा. बाटली भरली व्हती का?"