म्हशींची डॉक्टर, मुक्काम पोस्ट लखनौ

आमच्या लखनौच्या घरात सोफा नव्हता. परवडत नव्हता म्हणून नाही, आपण परत जाणार होतो म्हणून. बाबा एका सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. माझ्या जन्माच्या आधी ते साताऱ्याहून इकडे आले आणि आल्या दिवसापासून परतच निघाले होते. सोफा घेतला तर तो पुढे रेल्वेने न्यायचा कसा, अशी त्यांना काळजी. म्हणून हॉलमध्ये लोखंडी घडीच्या खुर्च्या. पाहुणे आले की त्या करकरत उघडायच्या आणि कुणाचं तरी बोट चेमटायचंच. ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत थोड्याफार फरकाने हीच तऱ्हा. बँकेतले असोत नाहीतर विद्यापीठातले, सगळ्यांचं बिऱ्हाड प्लॅटफॉर्मवर मांडल्यासारखं.

कपाटावर एक पत्र्याची ट्रंक होती. काळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत बाबांचं नाव आणि खाली ठळक ‘सातारा’. आत ‘तिकडच्या घरासाठी’ जपलेल्या वस्तू: कोऱ्या चादरी, पितळेची समई, घोंगड्या. आम्ही विटक्या चादरींवर झोपायचो आणि कोऱ्या चादरी ट्रंकेत झोपायच्या. आई वर्षातून एकदा त्यांना ऊन दाखवायची आणि परत घड्या घालताना काहीबाही पुटपुटायची. ती काय पुटपुटायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता म्हशीकडे येते, कारण सगळी सुरुवात तिथून झाली.

कॉलनीच्या मागे एक तबेला होता. दूध डोळ्यांसमोर काढून घ्यायचं, नाहीतर पाणी आलंच समजा, अशी अख्ख्या कॉलनीची खात्री. त्यामुळे रोज सकाळी प्रत्येक घरातून कुणीतरी किटली घेऊन तिथे उभं असायचं. आमच्या घरातून मी. तबेल्याचे मालक, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो, धार काढायला बसण्याआधी बादली सगळ्यांसमोर उलटी करून दाखवायचे. जादूगाराने टोपी दाखवावी तसे. रोज. आणि तरीही लोक वाकून बघायचे.

मी अकरावीत होते. थंडीतल्या एका सकाळी गेले तर बादली कोरडी आणि चाचा डोक्याला हात लावून बसलेले. म्हैस अडली होती. जनावरांचे सरकारी डॉक्टर आले होते, पण आदल्या दिवशी स्कूटरवरून पडून त्यांचं मनगट हे एवढं सुजलेलं. पारडाचा एक पाय आत मागे दुमडला होता आणि तो सरळ केल्याशिवाय पारडू बाहेर येणार नव्हतं. डॉक्टरांनी जमलेल्या किटल्यांकडे नजर टाकली आणि विचारलं, “पतला हाथ किसका है?”

सगळे आपापल्या किटलीत बघायला लागले. मी माझी खाली ठेवली.

कोपरापर्यंत नाही, खांद्यापर्यंत. साबण लावून हात आत घातला तेव्हा माझा गाल म्हशीच्या अंगाला टेकला होता. तिने कळ दिली की माझं हाड मोडेल असं वाटायचं. डॉक्टर कानाशी सांगत होते, “खुर को मुट्ठी में ढक लो बिटिया, अंदर लगना नहीं चाहिए. अब अपनी तरफ लाओ. जल्दी नहीं.” बोटांना तो मऊ, लबलबीत खूर लागला, तो मी मुठीत झाकला आणि हळूहळू पुढे आणला. मग दोरी बांधली, माणसांनी ओढली आणि पारडू धप्पकन गवतात पडलं. जरा वेळाने शिंकलं. मला इतका आनंद त्याआधी कधीच झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही फार वेळा झाला नाही.

घरी गेले तर बाबा चहासाठी खोळंबलेले. “दूध कुठंय?”

“आज नाही. पारडू झालं. आणि मी जनावरांची डॉक्टर होणार आहे.”

“आधी बाथरूम,” आई म्हणाली.

बाबा हसले. वर्षभर हसत होते. बारावीनंतर मी मेडिकलच्या परीक्षेला बसलेच नाही, फक्त जनावरांच्या डॉक्टरकीच्या परीक्षेला बसले, तेव्हा ते हसायचे थांबले. “म्हशींच्या शेपट्या धरायला वाढवलं का तुला?”

“शेपटी धरत नाहीत बाबा. बाजूला करतात.”

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात तर मी वाणासारखी वाटली गेले. एक काकू आईला म्हणाल्या, “अहो, पोरीच्या अंगाला शेणाचा वास यायला लागला की कोण पत्करणार तिला?” मी तिळगुळाचं ताट घेऊन मागेच उभी होते. म्हटलं, “काकू, ज्याला वास येईल त्याने नाक धरावं.” आईने मला स्वयंपाकघरात पिटाळलं, पण तिथे येऊन ती तोंडाला पदर लावून हसली. मी पाहिलं.

परीक्षा मी पास झाले. नंबरही चांगला लागला. आता मुलाखत आणि सोबत एक दाखला: आम्ही या राज्याचे कायमचे रहिवासी आहोत, असा. तो नसेल तर सीट नाही. आणि इथेच आमचं घोडं अडलं. कारण इतक्या वर्षांत बाबांनी तसला दाखला काढलाच नव्हता. कशाला काढतील? आपण तर परत जाणार होतो.

“मग महाराष्ट्रातून घे ना प्रवेश,” बाबा म्हणाले. चेहरा उजळला होता त्यांचा. “आपल्या माणसांत राहशील.” साताऱ्याच्या काकांना पत्र गेलं. काकांनी चौकशी केली आणि उत्तर आलं: मुलीची दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली नाही, तेव्हा ती इथली धरता येत नाही. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. मला त्यांची दया आली, नाही असं नाही. पण मला राग जास्त आला होता. तिकडचे म्हणतात तू आमची नाहीस, इकडचे म्हणतात दाखला आण, आणि मधल्या मध्ये माझं वर्ष जाणार.

दाखल्यासाठी बाबांनी शपथपत्र करायचं होतं. मी अठराची झाले नव्हते, त्यामुळे सही त्यांचीच हवी. मजकूर साधा होता. मी सहकुटुंब लखनौत राहतो आणि इथेच कायम राहण्याचा माझा इरादा आहे.

“मी खोटं शपथपत्र करणार नाही,” बाबा म्हणाले.

“खोटं काय आहे त्यात?”

“इरादा. माझा इरादा परत जाण्याचा आहे.”

रागावले की मी हिंदीत बोलते, अजूनही. घरात मराठीच बोलायचं हा बाबांचा नियम, पण त्या दिवशी मी त्याला भीक घातली नाही. “तो जाइए ना. कब जा रहे हैं? तारीख बताइए. मैं तो यहीं पैदा हुई, मैं कहाँ वापस जाऊँ?”

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. पानंसुद्धा उलटली नाहीत त्यांनी, नुसतंच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी कचेरीत गेले. एकटी म्हणजे साक्षीदारांसकट. आम्हाला ओळखणारी इथली दोन माणसं हवी होती. मराठी मंडळातलं कुणी चालत नव्हतं, कारण त्यांच्यापैकीही कुणाकडे दाखला नव्हता. सगळेच परत निघालेले. म्हणून एक शेजारचे निवृत्त मास्तर आणि दुसरे चाचा. चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि सायकल रिक्षात ते अंग चोरून बसले होते. कारकुनाने विचारलं, तुम्ही या लोकांना कधीपासून ओळखता? चाचा म्हणाले, “जब से ये दूध पीती है. हमारा ही पीती है.”

“पिताजी कहाँ हैं?” कारकुनाने मला विचारलं.

“घर पर हैं.”

“तो घर से ले आइए. इनके कहने से आप यहाँ की नहीं हो जाएँगी.”

मी त्याला काय काय म्हणाले ते आता आठवत नाही. चाचांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं, एवढं आठवतं. बाहेर लू, तो उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली होती. रिक्षात मी रडले. सीट गेली, असंच वाटलं मला. चाचा रिक्षावाल्याला म्हणाले, जरा सावलीसावलीने घे.

घरी आल्यावर आईने मला एकच विचारलं. “नाही म्हणाले?” मी मान हलवली. ती उठली, चपला घातल्या आणि गेली. कुठे, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी आमच्या दारात ठेला उभा राहिला. त्यावर सोफा. तीन माणसांचा, मरून रंगाचा, लाकडी हातांचा, भयंकर जड. सोबत दोन खुर्च्या. आई गणिताच्या शिकवण्या घ्यायची. त्यातले साठवलेले पैसे घेऊन ती आलमबागच्या फर्निचरच्या दुकानात गेली होती. तिने घडीच्या खुर्च्या एकेक करून बाल्कनीत टाकल्या आणि ठेलेवाल्याला सांगितलं, “भैया, दीवार से सटाकर.” सोफा दारातून आत येईना. चौकटीचा टवका उडाला. आईने त्याकडे पाहिलंही नाही.

बाबा ऑफिसातून आले आणि दारातच थांबले. “हे काय?”

“सोफा.”

“हा नेणार कसा?”

“नेणार नाही,” आई म्हणाली. “अहो, इतकी वर्षं मी निघालेली आहे. माझी पाठ मोडली घडीच्या खुर्चीवर. तुम्हाला जायचं असेल तर खुशाल जा, सोफा इथे राहील, मी सोफ्यावर राहीन आणि पोरगी कॉलेजात जाईल. आता उभे का? बसा.”

आई कधी आवाज चढवत नसे. त्याही दिवशी नाही चढवला. बाबा बराच वेळ बूट न काढता उभे राहिले. मग सोफ्याच्या अगदी कडेला टेकले, परक्याच्या घरी टेकतात तसे. आईने चहा आणला. चहा निम्मा झाल्यावर ते हळूहळू मागे रेलले.

“कचेरी किती वाजता उघडते?” त्यांनी मला विचारलं.

सकाळी ते आले. कारकुनाने मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला. बाबांची हिंदी फार शुद्ध होती, ऑफिसात लोक तिचं कौतुक करायचे. पण ‘यहीं स्थायी रूप से बसने का’ इथे ते अडखळले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग सही केली. मला वाईट वाटलं आणि तरी मी म्हणाले नाही की राहू द्या. म्हणणारही नव्हते.

कॉलेज लखनौत नव्हतं. आलमबागहून बस धरून दिवसभर पश्चिमेकडे जायचं. मुलाखतीला बाबा सोबत आले, पण आत मी एकटी. टेबलामागे चार साहेब. त्यांतले एक माझं आडनाव वाचून मागे टेकले. “महाराष्ट्र की हो. पढ़-लिखकर शादी करोगी, पूना चली जाओगी. किसी लड़के की सीट बर्बाद करोगी. क्यों दें तुम्हें?”

मी दाखला टेबलावर ठेवला. तो सहज मिळाला नव्हता, तेव्हा हळू ठेवायचं मला काही कारण नव्हतं. “सर, लखनऊ की हूँ. कहीं नहीं जा रही.”

“भैंस के पास कभी गई हो?” दुसऱ्यांनी विचारलं. बाकीचे गालातल्या गालात हसले.

मी ओढणी बाजूला केली आणि उजव्या हाताने डाव्या खांद्याला बोट लावून दाखवलं. “यहाँ तक गई हूँ, सर. पैर मुड़ा हुआ था. दोनों बच गए.”

हसणं थांबलं. कोणता पाय, कसा सरळ केला, खुराचं काय केलं, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं. ज्यांनी पुण्याला पाठवलं होतं तेही शेवटी पुढे वाकून ऐकत होते, आणि माझं नाव तिथेच यादीत चढलं. बाहेर बाबा कडुलिंबाखाली उभे होते. मी म्हटलं, “मिळाली.” ते म्हणाले, “हं.” मग बसस्टँडपर्यंत माझी पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी उठले तर माझ्या अंगावर कोरी चादर होती. समई देवापाशी लागलेली. कपाटावरची जागा रिकामी, तिथे धुळीचा चौकोन. बाबा बाल्कनीत गुडघ्यांवर बसले होते, समोर ट्रंक, हातात बारीक ब्रश. काळा रंग नव्याने दिलेला. त्यांचं नाव नव्हतं आणि सातारा नव्हता. पांढऱ्या अक्षरांत माझं नाव होतं आणि खाली, थोडं तिरकं, ‘लखनऊ’.

मी ट्रंकेवर हात ठेवायला गेले.

“थांब, ओला आहे रंग,” बाबा म्हणाले. वर न बघता ब्रश पुसत राहिले. “लिहिलेलं असावं. वाटेत हरवली, तर कुठे परत पाठवायची ते कळायला हवं लोकांना.”